केअर सेंटरमध्ये आपल्या माणसाची आबाळ होतेय असं वाटलं, तर काय करायचं

दादाच्या पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता अडकवलेला असायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, वेळ लिहायची, सही करायची. त्या दिवशी मी गेले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते आणि तक्त्यावर रात्री आठपर्यंतच्या सह्या होऊन गेल्या होत्या. एकच पेन, एकच अक्षर, एकाखाली एक.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. असे तक्ते मी स्वतः भरलेत, नव्या मुलींना भरायला शिकवलेत. तरी दादाच्या बाबतीत मला कळायला सात महिने लागले. कारण मी दर रविवारी अकराला जायचे आणि दर रविवारी अकराला दादा आंघोळ घातलेला, पावडर लावलेला, धुतलेल्या चादरीवर असायचा. त्या दिवशी बुधवार होता आणि मी न सांगता गेले होते. चादर उचलली. माकडहाडाजवळ पाच रुपयांच्या नाण्याएवढी काळी खपली, भोवतीची कातडी गरम, आणि तो वास. उजव्या टाचेला पाण्याचा फोड. लघवीच्या पिशवीत कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी. पाणी पाजलं तर तो पेला सोडेना.

ज्यांचं माणूस वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये आहे आणि ज्यांच्या मनात कुठेतरी शंका आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. जखमा आणि तक्ते मला आधीपासून कळत होते. कायदा मात्र मी भाच्याबरोबर वकीलबाईंच्या टेबलासमोर बसून शिकले. तेव्हा खूप उशिरा कळलेल्या गोष्टी इथे आधी सांगते.

काय बघायचं

वेळ बदलून जा. संध्याकाळी सातनंतर, रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला. ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त भेटूच देत नाहीत, दर वेळी बाहेरच्या खोलीत माणूस आणून बसवतात, पलंगापाशी जाऊ देत नाहीत, असं असेल तर तेवढं कारण शंकेला पुरेसं आहे.

पलंगापाशी गेलात की आधी त्यांना विचारा, मग चादर उचला. आपलं माणूस असलं तरी त्याची लाज त्याची आहे. माकडहाड, खुब्याची हाडं, टाचा, घोटे, खांद्यांची पाती, कानामागची जागा, एवढं बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग बदलत नसेल तर जखम आतून सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही कधी कधी, तिथे जागा जांभळट दिसते, हाताला गरम किंवा टणक लागते. म्हणून बघण्याबरोबर हात लावायचा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक बेडसोअर, म्हणजे पडून राहून झालेली जखम, हलगर्जीपणामुळेच होते असं नसतं. अगदी शेवटच्या आजारात, अंगात काही उरलेलं नसताना, चांगली काळजी घेऊनही कातडी फाटते. प्रश्न वेगळे विचारायचे: जखम पहिल्यांदा कुणी, कधी पाहिली? डॉक्टरला कधी दाखवली? घरी कधी कळवलं? एअर बेड कधी घातला? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर तारखेनिशी नसतील, तर ती हेळसांड.

निळे डागही तसेच. म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धक्क्याने काळंनिळं पडतं. पण दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, मनगटाला किंवा घोट्याला गोल वळ, दोन्ही बाजूंना सारखेच डाग, हे आपोआप होत नाही. दोन जणांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा, ‘काय लागलं हे?’ उत्तरं जुळत नसतील तर दोन्ही लिहून ठेवा.

सदा झोपेत असणारं माणूस हे फार चुकवलं जाणारं लक्षण आहे. नातेवाईकांना बरं वाटतं, ‘शांत झोपलेत.’ रात्री वॉर्डात एकच मावशी असते तेव्हा ओरडणाऱ्या, उठून चालणाऱ्या म्हाताऱ्याला शांत करायचा सोपा उपाय गोळी हाच असतो. औषधांचा तक्ता मागा. कुठली गोळी, कुठल्या डॉक्टरने, कधीपासून, कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी चालू असेल तर त्या पाकिटाचा फोटो काढा.

वजन दर महिन्याला करून लिहून द्यायला सांगा. ते करत नसतील तर घड्याळाचा पट्टा, बांगडी, पायजम्याची नाडी बघा. डायपरची शंका असेल तर निघताना डायपरच्या कडेला पेनाने वेळ लिहून ठेवा आणि सहा तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, परत या. आणि अंगठ्याला शाई आहे का तेही बघा. एका मैत्रिणीच्या सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई दिसली, म्हणून चौकशी झाली आणि बँकेतून पैसे काढायच्या कागदावर अंगठा घेतल्याचं कळलं.

शेवटचं लक्षण कुठल्या तक्त्यात नसतं. कुणी एक जण खोलीत आलं की आपलं माणूस बोलायचं थांबतं. हात उचलला की डोळे मिटून घेतं. यावर विश्वास ठेवा.

पहिला दिवस

भांडू नका. मला माहितीये, हे सांगणं सोपं आहे. माझे हात थरथरत होते. पण तुम्ही आरडाओरडा करून घरी जाता, आणि रात्री तो तिथेच असतो, त्याच लोकांच्या हातात. शिवाय त्याच रात्री तक्ते नव्याने लिहिले जातात. म्हणून आधी फोटो, मग बोलणं.

मी तक्त्याचा फोटो असा काढला की चौकटीत भिंतीवरचं घड्याळही आलं. मग जखमेचा, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे माप कळतं. एक जवळून, एक लांबून, लांबच्या फोटोत चेहरा दिसला पाहिजे. पाण्याचा रिकामा जग, लघवीची पिशवी, पलंगाला बांधलेलं काही असेल तर ते. बाकीच्या म्हाताऱ्यांचे चेहरे चौकटीत येऊ देऊ नका, तीही कुणाची तरी माणसं आहेत. फोटो त्याच फोनमध्ये जसेच्या तसे राहू द्या. कापू नका, उजळ करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याची मूळ माहिती जाते, म्हणून तो पुरावा धरून मूळ पुसून टाकू नका. पुढे कोर्टात किंवा ग्राहक आयोगात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा तोच फोन लागतो.

मग मी दादाला विचारलं. अर्धांगवायूने त्याची वाचा गेली होती, पण कळत सगळं होतं. ‘इथून जायचं?’ म्हटल्यावर त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला विचारायचं राहून जातं. निर्णय त्याचा आहे, आणि खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्ष कायद्यालाही चालते.

जखम खोल असेल, ताप असेल, माणूस गुंगीत असेल, हाड मोडल्याची शंका असेल, तर १०८ला फोन करून रुग्णालयात हलवा. मारहाण समोर दिसत असेल तर ११२. बिल बाकी आहे म्हणून माणूस सोडत नसतील तर शांतपणे सांगा, पैशासाठी माणूस अडकवून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७खाली गुन्हा आहे. पैशाचा वाद नंतर होत राहील.

रुग्णालयात, शक्यतो सरकारी, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला स्पष्ट सांगा: पेशंट कुठून आणला, जखम कधी दिसली, तुम्हाला कशाची शंका आहे. आणि ‘एमएलसी करा’, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करा, असं म्हणा. तसं झालं की जखमेचं माप, जागा, जुनी की ताजी, हे सगळं नोंदलं जातं आणि रुग्णालयच पोलिसांना कळवतं. मी स्वतः कॅज्युअल्टीत काम केलंय. नातेवाईक ‘पडले घरी’ असं भीडेखातर सांगतात आणि तेच केसपेपरवर जातं. एकदा कागदावर गेलेलं ‘घरी पडले’ पुढे कुणालाही पुसता येत नाही.

कागद

रुग्णालयातून घरी आल्यावर, जेवायच्या आधी, एक वही काढा. तारीख, वेळ, कोण ड्यूटीवर होतं, कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत. माझ्या वहीत पहिली ओळ आहे: ‘मावशी म्हणाल्या, मॅडम इथं २२ जणांना आम्ही दोघी.’ हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेला पत्र. लांबलचक नको, रागाचं नको. साधारण असं:

‘माझे बंधू आपल्या संस्थेत अमुक तारखेपासून दाखल होते. दि. अमुक रोजी दुपारी ४.३० वाजता त्यांच्या पाठीवर व टाचेवर जखमा आढळल्या. त्याबाबत कुटुंबाला कळवण्यात आले नव्हते. खालील कागदपत्रांच्या प्रती सात दिवसांत द्याव्यात: प्रवेश अर्ज व करारनामा, दैनंदिन नोंदी, कूस बदलण्याचा तक्ता, औषधांचा तक्ता, वजनाच्या नोंदी, डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी, घेतलेल्या रकमांच्या पावत्या. तसेच दि. अमुक ते अमुक या काळातील सीसीटीव्ही चित्रण जतन करावे, ते नष्ट होऊ देऊ नये.’

दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. घेत नसतील तर पोचपावतीसह पोस्टाने पाठवा आणि ई-मेलही करा. सीसीटीव्हीची ओळ विसरू नका, कारण ते चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आम्हाला ऑफिसातून सांगितलं, पंधरा दिवसच राहतं. आमचं पत्र तिसऱ्या दिवशी गेलं होतं. डॉक्टरकडच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात, हा वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेचा नियम आहे.

प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या फॉर्मवर ‘कुठल्याही दुखापतीस संस्था जबाबदार राहणार नाही’ असं छापलेलं असतं. आमच्याही होतं. ते वाचून भाच्याला वाटलं, संपलं सगळं. तसं नाही. अशा छापील ओळीने हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही, आणि वाद लवादाकडे न्यावा असं लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

आणखी एक. तिथे १९-२० वर्षांची एक मुलगी होती, तिने मला जिन्यात गाठून सांगितलं की रात्री कुणीच कूस बदलत नाही, सकाळी सह्या करून टाकायला सांगतात. अशी माणसं प्रत्येक ठिकाणी असतात. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कुठल्याही तक्रारीत घालू नका, तिची नोकरी जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा संस्थांमधल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी मागच्या वर्षभरात आपल्या हातून गैरवर्तन झाल्याचं स्वतः कबूल केलंय. हा आकडा वाचून मला राग कमी आला आणि ओळख जास्त पटली. २२ पलंगांना दोन बायका ठेवल्या की चांगली बाईसुद्धा खोटी सही करते. म्हणून तक्रार एकट्या मावशीवर करू नका. माणसं कमी ठेवून पैसे पूर्ण घेणारा जो आहे, त्याचं नाव वर आलं पाहिजे. मारहाण किंवा चोरी केलेल्याची गोष्ट अर्थात वेगळी.

तक्रार कुठे

आधी ती जागा कशाखाली नोंदलेली आहे ते शोधा, कारण आपण सगळ्यालाच वृद्धाश्रम म्हणतो. पेशंट दाखल करून शुश्रूषा करत असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागतो. शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे तक्रार जाते. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे, ती नसेल तर तेही लिहा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. सरकारी अनुदान असेल तर समाजकल्याणचे सहायक आयुक्त. मानसिक आजाराची माणसं ठेवत असतील तर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, ज्यात साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे आणि इतर कुठल्याही प्रकारे बांधायचं तर मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी, कारण आणि वेळ यांची नोंद लागते. कुठून सुरुवात करायची सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. नोंदणीच नसेल तर तीच सगळ्यात मोठी तक्रार.

पोलिसांकडे जाताना एवढं समजून जा. गुन्हे दोन प्रकारचे: दखलपात्र, ज्यात पोलीस थेट एफआयआर नोंदवून तपास करतात, आणि अदखलपात्र, ज्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. चापट मारली, साधी दुखापत झाली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५, बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून पाठवतात. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत, कलम ११७, आणि एफआयआर झालाच पाहिजे. निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातला तर कलम १२५. कोंडून, बांधून ठेवलं तर १२७. आणि एक कलम आहे जे ठाण्यातल्या साहेबांनाही शोधावं लागलं: ३५७. आजारामुळे किंवा अशक्तपणामुळे स्वतःचं करू न शकणाऱ्या माणसाची देखभाल करायचा ज्याने करार केलाय, त्याने ती जाणूनबुजून टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, गुन्हा अदखलपात्र आहे आणि त्याची तक्रार वर्षाच्या आत व्हावी लागते. पण दादाच्या बाबतीत जे घडलं त्याचं अचूक वर्णन मला सगळ्या कायद्यात त्याच चार ओळींत सापडलं.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांकडे किंवा उपायुक्तांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. साठीच्या पुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्याच्या राहत्या जागी यायचं असतं. डॉक्टरवरच आरोप असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे पोलीस आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घेतात, त्यात वेळ जातो. निराश होऊ नका.

अर्धांगवायू, पार्किन्सन, अंधत्व असं काही असेल आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर आजच कामाला लागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ९२ जोरकस आहे. ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. त्याच कायद्याच्या कलम ७खाली कुणीही, नातेवाईक नसलेला शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांना, कळवू शकतो आणि ते त्या माणसाला तिथून सोडवण्याचा आदेश देऊ शकतात. वाचा गेलेल्या, घरचं कुणी जवळ नसलेल्या माणसांसाठी मला हा सगळ्यात उपयोगाचा रस्ता वाटतो.

आता भरपाई. त्यासाठी आम्ही ग्राहक आयोगात गेलो आणि बहुतेक कुटुंबांनी तिथेच जावं असं माझं मत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कमतरता, एवढं दाखवायचं. पैसे भाच्याने भरले आणि सेवा दादाने घेतली, तरी दादा ग्राहकच. पूर्ण मोफत आश्रम असेल तर मात्र हा रस्ता नाही. संस्थेला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, हे परगावच्या मुलांसाठी फार मोलाचं. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तयारी ठेवा. मागणीत रुग्णालयाचा खर्च, भरलेले पैसे, डिपॉझिट आणि त्या माणसाने सोसलेल्या त्रासाची भरपाई असं वेगवेगळं लिहा.

वकिलाची ऐपत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, फोन १५१००. बाईला आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मला हे माहीत नव्हतं.

२००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून सांगते. त्यातलं न्यायाधिकरण मुलांकडून आणि वारसांकडून चरितार्थ मिळवून देण्यासाठी आहे. संस्थेविरुद्ध भरपाई तिथे मिळत नाही. पण कलम २४ लक्षात ठेवा: ज्येष्ठ माणसाची जबाबदारी असलेल्याने त्याला टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम नातेवाईकांनाही लागतं. वर्षभराचे पैसे भरून पुन्हा न फिरकलेल्या कुटुंबांची म्हातारी माणसं मी त्या हॉलमध्ये बघितली आहेत. त्यांच्या चादरी उचलणारं कुणीच नव्हतं.

माणूस तिथेच गेलं तर

हे लिहायला जड जातंय. फोन येतो, ‘झोपेतच गेले,’ आणि नातेवाईक घाईला लागतात. मनात शंका असेल तर अंत्यसंस्कार थांबवा. पोलिसांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन मागा. घरात कुणीतरी म्हणतंच, आता कशाला चिरफाड, ते काही परत येणार नाहीत. त्यांचं दुःख खरं आहे, पण दहन झाल्यावर अंगावरचा सगळा पुरावा जातो आणि मागे फक्त संस्थेने लिहिलेला कागद उरतो. अंग स्वतः बघा, फोटो काढा. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागून घ्या. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ग्राहक तक्रार वारस चालवू शकतात.

तडजोड

आमची तक्रार दाखल झाल्यावर आयोगाने ती मध्यस्थीला पाठवली. संस्थेने जवाबासोबत कूस बदलण्याचा तक्ता जोडला होता, नीट भरलेला, प्रत्येक दोन तासांची सही असलेला. वकीलबाईंनी शेजारी माझा फोटो ठेवला, तोच तक्ता आणि वर साडेचारचं घड्याळ. त्यानंतर बोलणी दोन बैठकांत संपली. रुग्णालयाचं बिल, डिपॉझिट आणि चार महिन्यांचे पैसे परत. दादा त्यानंतर अकरा महिने माझ्या घरी होता. जखम भरायला त्यातले पाच गेले.

तडजोडीचा कागद मात्र ओळ न् ओळ वाचा. आमच्या पहिल्या मसुद्यात तीन गोष्टी होत्या ज्या आम्ही काढायला लावल्या: कुणाशी याबद्दल बोलायचं नाही, सरकारी कार्यालयांतल्या तक्रारी मागे घ्यायच्या, आणि ‘संस्थेची कोणतीही चूक नव्हती’ हे आम्ही मान्य करायचं. पैसे एकरकमी आणि चेक वटल्यावरच तक्रार निकाली, असं लिहून घ्या. पोलिसांत गुन्हा नोंदलेला असेल तर तो तुमच्या एका सहीने मिटत नाही, काही गुन्हे न्यायालयाच्या परवानगीने मिटतात आणि काही तसेही मिटत नाहीत, म्हणून ‘सर्व फौजदारी तक्रारी मागे घेत आहोत’ अशा ओळीवर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. आरोग्य अधिकाऱ्यांकडची आमची तक्रार आम्ही चालू ठेवली. तपासणी झाली, आणि रात्रीच्या ड्यूटीला आता चार जणी असतात असं ती जिन्यात भेटलेली मुलगी मला फोनवर म्हणाली.